कोपरास चिकटलेले बेट

वाचकहो, प्रस्तुत कथेत एक बेट, एक बोटभर चिठ्ठी आणि एका वयस्कर कारागिराची सही या तिहींची हकिकत यथामती सांगण्याचे योजिले आहे. बेट ध्रुवाकडील समुद्रातले आहे. तेथे मनुष्यवस्ती नाही, वृक्ष नाही, गवताचे पातेदेखील नाही, आणि वर्षातील आठ महिने बर्फ कोणते व जमीन कोणती हेही कळत नाही. हकिकत मात्र एका नकाशा कचेरीच्या चार भिंतींत, सकाळी दहा ते अकरा या एका तासात घडली. ज्यांस समुद्रप्रवासाची वर्णने वाचावयाची असतील त्यांची येथे निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे. मागाहून बोल नको.

कथानायकास कचेरीत सर्वजण मेणकाका म्हणत. समुद्राच्या नकाशास त्या कचेरीत पत्रक म्हणतात, आणि पत्रकावरील नावे त्या काळी हाताने लिहीत नसत. ती पातळ पारदर्शक फितीवर छापून येत. फितीच्या पाठीस मेणाचा हात दिलेला असे. मेणकाकांनी ती फीत सुरीने नावानावागणिक कापावी, चिमट्याने चिठ्ठी उचलावी, बेटाच्या शेजारी नेमक्या जागी ठेवावी आणि हाडाच्या पट्टीने वरून घासून पक्की करावी. एकतीस वर्षे हे काम करून त्यांच्या बोटांस मेणाचा वास कायमचा लागला होता. त्यांची पत्नी म्हणे, "देवाने तुम्हाला माणूस म्हणून घडवायला घेतलं आणि मध्येच मेणबत्ती करायचं ठरवलं."

ज्या पत्रकाची ही गोष्ट, त्यावरील बेटांच्या पुंजक्यास 'सोयरे' असे नाव आहे. साठ वर्षांपूर्वी पहिले जहाज त्या समुद्रात गेले ते अकरा दिवस धुक्यात अडकून पडले. खलाशांस घरची आठवण अनावर झाली, आणि धुके फाटून जो जो खडक दिसे त्यास त्यांनी आप्तांची नावे दिली. डोक्यावर अखंड बर्फ बाळगणारा उंच सुळका तो आजोबा. दोन खडक अगदी लगत, आणि मधून पाण्याची कुरबुर कधी थांबत नाही, त्या जावा. सर्वांपासून दूर, भोवताली बुडीत खडकांचा पहारा, कोणी जवळ जाण्यास धजत नाही, ती सासू. भरतीच्या वेळी दिसेनासा होतो आणि सारे शांत झाल्यावर हळूच डोके वर काढतो, तो मेव्हणा. आणि एक मावशी. नाव-समितीने ही नावे जशीच्या तशी कायम केली, कारण समितीचे नियमच तसे होते. प्रथम पाहणाऱ्याने दिलेले नाव बदलू नये, एका पत्रकावर एक नाव दोनदा येऊ नये, आणि जिवंत माणसाचे नाव कोणत्याही बेटास देऊ नये.

त्या दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मोठे साहेब स्वतः मेणकाकांच्या टेबलापाशी आले. साहेब सहसा कोणाच्या टेबलापाशी येत नसत, टेबलेच त्यांच्याकडे जात. त्यांच्या हातात बिनतारी खात्याकडून आलेला कागद होता.

"काका, तुमच्या सोयऱ्यांत चौघं अडकलेत," साहेब म्हणाले. "पक्षी मोजायला गेलेले तिघं आणि त्यांच्या होडीचा म्हातारा तांडेल. पहाटे एकदाच आवाज आला. 'मावशीवर आहोत, होडी गेली, एकाचा पाय मोडलाय.' बस. त्यानंतर यंत्र मुकं."

"जहाज आहे का जवळ?"

"आहे. पण बर्फाचा पट्टा सरकतोय. कप्तान म्हणतो, एकाच बेटाकडे जाऊन परत येण्याएवढी वाट उघडी आहे. अकरा वाजता त्याला निघावंच लागेल. त्याच्याकडे तुमचंच पत्रक आहे, त्यावर मावशी दिसते आहे. रीत म्हणून आपल्याकडून खात्री मागतोय." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "इथे 'नावाची जागा तपासली, बरोबर आहे' असं लिहिलंय. नाव विभागाचे प्रमुख तुम्ही. करा सही, म्हणजे कळवून टाकतो."

मेणकाकांनी टाक उचलला. टाक कागदापर्यंत गेला आणि तेथेच थबकला.

"काय झालं?"

"एकदा पत्रक बघून घेतो, साहेब."

"बघा. पण घड्याळाकडेही बघा," असे म्हणून साहेब आपल्या खोलीकडे गेले.

मेणकाकांच्या डोक्यावर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र टांगलेले होते. 'सोयरे पत्रक, दुसरी आवृत्ती, निर्दोष.' कचेरीच्या इतिहासात निर्दोष ठरलेली पत्रके तीनच, आणि त्यांपैकी एक मेणकाकांचे. याच चौकटीच्या बळावर ते प्रमुख झाले होते. आता त्या चौकटीकडे मान वर करून पाहण्याची त्यांची छाती होईना. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते असे.

कारण वाचकहो, त्या पत्रकात एक दोष होता, आणि तो पृथ्वीतलावर दोनच माणसांस ठाऊक होता.

नऊ वर्षांपूर्वी विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून सोयरे पत्रक नव्याने काढले गेले. जुन्या पत्रकातील जागा धुक्यात मोजलेल्या, तीस तीस मैल चुकलेल्या, तेव्हा जुन्यावरून नवे ताडून पाहण्याची सोय नव्हती. कोणते नाव कोठे, हे त्या वेळच्या नाव-अधिकाऱ्याने वरच्या पातळ कागदावर पेन्सिलीने दाखवून दिले. मेणकाकांनी त्र्याहत्तर चिठ्ठ्या लावल्या, पातळ कागद नियमाप्रमाणे पुसून पुढच्या पत्रकासाठी परत गेला, आणि ते समाधानाने घरी गेले. सायंकाळी ते जेवावयास बसले असता पत्नीने त्यांच्या सदऱ्याच्या बाहीस हात घातला.

"अहो, कोपराला काय घेऊन आलात हे?" तिने नखाने ती चिठ्ठी सोडवली आणि दिव्यासमोर धरली. "मावशी? माझी बहीण तुमच्या कोपराला कशाला?"

मेणकाकांनी हातातला घास ताटात ठेवला आणि चिठ्ठी तिच्या हातून घेतली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पत्रक छपाईच्या विभागात जावयाचे होते. ते साडेसातलाच कचेरीत गेले. पत्रकावर दोन बेटे नावावाचून होती. एक ईशान्येकडचे मोठे, दुसरे नैर्ऋत्येकडचे लहान, दोहोंत छत्तीस सागरी मैलांचे अंतर. एक मूळचेच बिननावाचे, आणि एकाचे नाव मेणकाकांच्या चिमट्यात. कोणते कोणाचे, हे नाव-अधिकाऱ्यास विचारावे तर चूक कबूल करावी लागे; एरवी ते केवळ पहिल्या जहाजाच्या रोजनिशीत सापडले असते. परंतु रोजनिशी दप्तरखान्यात, आणि दप्तरखान्यातून काही हवे तर कारण लिहून द्यावे लागे. काय लिहिणार? मोठ्या बेटास नाव नसणे बरे दिसत नाही, असे मनाशी म्हणून त्यांनी चिठ्ठी मोठ्या बेटाशेजारी ठेवली आणि हाडाची पट्टी फिरवली. तपासनिसाने नावे मोजली. नोंदवहीत त्र्याहत्तर, पत्रकावर त्र्याहत्तर. मोजणी जुळली, म्हणून जागा कोणी पाहिली नाही. महिन्याभराने भिंतीवर चौकट आली.

तेव्हापासून ते स्वतःस सांगत आले होते की अंदाज बरोबरही असू शकेल. दोनांपैकी एक, म्हणजे अर्धी शक्यता आपल्या बाजूची. आणि चुकलाच असेल, तर त्या ओसाड खडकावर कोण कोणास विचारावयास जातो? झाकली मूठ सव्वा लाखाची. आज त्या मुठीत चार जीव होते.

दहा वाजून बारा मिनिटे झाली. मेणकाका उठले, अंगण ओलांडून समोरच्या इमारतीत गेले आणि तळघराचा जिना उतरले.

दप्तरखान्याच्या दाराशी जाळीआड दप्तरबाई बसत. बाईंनी स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली तेव्हाही कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक, तपशील सोबत' असे लिहिले होते, अशी कचेरीत थट्टा चाले. त्यांनी छापील पत्रिका पुढे सरकवली.

"सोयरे. पहिल्या जहाजाची रोजनिशी. आणि दुसऱ्या आवृत्तीची छायाचित्रं," मेणकाका म्हणाले.

"कारण लिहा."

त्यांनी लिहिले, 'सामान्य तपासणी'. बाईंनी वाचले, चष्मा खाली केला.

"तपासणीची पत्रिका आज द्यायची, कागद उद्या मिळणार."

"बाई, घाई आहे हो."

"सगळ्यांनाच असते. त्या दिवशी एकजण म्हणाला, सासरे वारलेत, लवकर द्या. मी म्हटलं, सासरे आता कुठे जाणार आहेत?"

"आजच्या आज काय मिळतं?"

"चूक-दुरुस्ती. चूक असेल तर आत्ताच्या आत्ता. पण मग कोणती चूक, कोणाची, कधीची, सगळं लिहायचं. आणि ही पत्रिका फाडता येत नाही, काका. माझ्या वहीत कायमची राहते."

वरच्या झरोक्यातून अंगणातल्या घड्याळाचा काटा दिसत होता. दहा एकवीस. मेणकाकांच्या मनात एकदा येऊन गेले की परत वर जावे, सही करावी, आणि अर्ध्या शक्यतेवर भार टाकावा. उद्या जहाज रिकामे परतलेच तर बर्फास दोष देता येईल, बर्फ काही साक्षीला येत नाही. हा विचार त्यांस इतका सोयीचा वाटला की त्याच्या सोयीचीच त्यांस भीती वाटली. त्यांनी नवी पत्रिका ओढली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले:

'मावशी या नावाची चिठ्ठी माझ्या बाहीस चिकटून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी ती अंदाजाने लावली व कोणास सांगितले नाही. नऊ वर्षे झाली.' खाली सही.

बाईंनी ते सावकाश वाचले. कारणाचा रकाना त्यांनी आजवर हजारदा वाचला असेल, परंतु त्यात खरे कारण प्रथमच लिहिलेले होते.  त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या, आणि नियमाने ज्या कामास त्या दहा मिनिटे घेत त्यास त्यांनी तीन घेतली.

रोजनिशीची शाई तपकिरी पडली होती. मेणकाकांनी भिंग धरले. आजोबा सापडले, जावा सापडल्या, सासूवर तर अर्धे पान होते. मावशी दिसेना. सातव्या दिवसाचे पान ओल लागून पुढच्या पानास चिकटलेले होते. दप्तरबाईंनी हाडाची पट्टी पुढे केली. एकतीस वर्षे जशी पट्टी चिकटवण्यास वापरली, तशीच मेणकाकांनी आज सोडवण्यास चालवली, इतक्या हळू की श्वासाचाही धक्का लागू नये. पान सुटले.

'धुके. दुपारी एक ठेंगणे बेट लागले. उंची दोन पुरुष. गोट्यांचा किनारा, होडी सहज लागते, खळग्यात गोडे पाणी. तापाने फणफणलेल्या दोघांस येथे उतरवले. बाकी साऱ्या नातलगांनी दारातून परत लावले, हिने घेतले. माय मरो पण मावशी जगो.'

आता छायाचित्रे. उंची छायाचित्रात दिसत नाही, परंतु सावली दिसते. मोठ्या बेटाची सावली काळीकुट्ट, समुद्रावर वीतभर लांब पडलेली, चहूबाजूंनी कडेच कडे. लहान बेटाची सावली नखाएवढी. मेणकाकांनी मोजपट्टी एकदा लावली, पुन्हा लावली. शंकेस जागाच उरली नाही. मावशी लहान बेट होते, आणि त्यांनी नऊ वर्षांपूर्वी तिचे नाव एका उभ्या कड्यास देऊन ठेवले होते. ते खालच्या पायरीवर टेकले.

"काका, बसायला वेळ नाही," जाळीआडून दप्तरबाई म्हणाल्या. "दहा एकेचाळीस."

साहेबांच्या खोलीत ते शिरले तेव्हा धाप लागली होती. त्यांनी रोजनिशी, छायाचित्रे आणि सही न केलेला कागद टेबलावर ठेवला आणि जे पत्रिकेत लिहिले होते तेच तोंडाने सांगितले. सांगण्यास अर्धे मिनिट पुरले. नऊ वर्षे जी गोष्ट उचलता आली नव्हती तिचे वजन अर्ध्या मिनिटाचे होते.

साहेबांचा चेहरा प्रथम पांढरा झाला, मग लाल.

"तुमच्या त्या चौकटीकडे बोट दाखवून मी नव्या माणसांना सांगतो, काका. असं काम करा म्हणून सांगतो."

"हो, साहेब."

"हो काय हो? मला आता बोलायचंही सुचत नाहीये." त्यांनी घड्याळ पाहिले, राग गिळला आणि नकाशावर ओणवे झाले. "बरं, ऐका. मावशी खरी कुठली, हे कळलं. पण ते चौघं कुठली मावशी म्हणतायत? त्यांच्याकडेही तुमचंच पत्रक असणार. पत्रकात मोठ्याला मावशी म्हटलंय, तर ते मोठ्यालाच मावशी म्हणतील. मग तुमचं खरं सांगणंच त्यांना बुडवील. तुम्ही उशिरा शहाणे झालात त्याची किंमत ते देतील."

हा विचार मेणकाकांनी केलाच नव्हता.  आपण सत्य बोललो म्हणजे काम झाले, अशी त्यांची समजूत होती, आणि सत्याने तर पुन्हा दोन बेटांच्या मध्येच आणून सोडले होते. त्यांनी बिनतारीचा कागद उचलला आणि तो एक-एक शब्द बोटाखाली धरून वाचला, जशी चिठ्ठी लावण्यापूर्वी वाचत.

"साहेब, आकडे नाहीत यात."

"कसले आकडे?"

"अक्षांश-रेखांश. ज्याच्यापुढे पत्रक आहे तो आधी आकडे सांगतो, नाव मागून. यांनी नुसतं नाव सांगितलंय. म्हणजे पत्रक होडीबरोबर गेलं. बोलणारा तोंडपाठ बोलतोय." त्यांचे शब्द जागेवर पडत होते. "तोंडपाठ कोणाला असणार? त्या पक्षीवाल्यांना नाही. म्हाताऱ्या तांडेलाला. त्याने ही नावं छापील वाचलेली नाहीत, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहेत. त्याची मावशी ती पहिल्या जहाजाची मावशी. आणि दुसरं असं, साहेब, मोडक्या पायाचा माणूस घेऊन ते उतरलेत. मोठ्या बेटावर उतरायला जागाच नाही."

साहेबांनी छायाचित्रातली ती लांब काळी सावली पाहिली. मग बराच वेळ मेणकाकांकडे पाहिले. बराच म्हणजे दहा सेकंद असतील, पण त्या दिवशी सेकंदसुद्धा लठ्ठ झाले होते.

"अंदाज आहे हा."

"हो. पण मागच्या वेळी अंदाज केला तेव्हा मी काहीच बघितलं नव्हतं. या वेळी सगळं बघितलंय."

"सही कोण करणार?"

"मीच. नाव विभाग माझा आहे, आणि चूकही माझीच आहे."

दहा वाजून चोपन्न मिनिटांनी मेणकाकांनी जुना मजकूर खोडून त्याखाली लिहिले, 'पत्रकातील मावशीची जागा चुकीची आहे. खरी मावशी ती नैर्ऋत्येकडचे लहान बेट. तिकडे जावे,' आणि सही केली. अठ्ठावन्नला संदेश गेला. अकरा वाजून दोन मिनिटांनी कप्तानाचे उत्तर आले, 'नैर्ऋत्येकडे वळलो.' आता परत वळणे नव्हते, ना जहाजास, ना मेणकाकांस.

पुढील पाच तास त्यांनी काय केले? काहीच नाही. टेबलाशी बसून एका कोऱ्या फितीचे समान तुकडे कापत राहिले. बातमी कचेरीभर पसरली होती. लोक चहाच्या निमित्ताने येत, चौकटीकडे पाहत आणि चहा न घेताच जात. दुपारी त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, ती मावशी."

"कुठली? माझी बहीण?"

"कोपरावरची."

 पत्नी हळूच म्हणाली, "सांगितलंत का शेवटी?"

"सांगितलं."

"बरं केलंत. नऊ वर्षं तुम्ही कोपर टेबलाखाली ठेवून जेवताय. मला काय दिसत नव्हतं?" मग तिने विचारले, "माणसं सापडली?"

"अजून नाही."

"मग फोन ठेवा. लाइन मोकळी असू द्या."

चार वाजून दहा मिनिटांनी साहेब खोलीच्या दारात आले. हातातला कागद त्यांनी वाचून दाखवला, स्वर कोरडा ठेवून. 'लहान बेटावर चौघे मिळाले. तिघे ठीक. पाय मोडलेला ग्लानीत, पण नाडी आहे. तांडेल विचारतो, तुम्हांस मावशी कशी सापडली, पत्रकात तर ती भलतीकडेच आहे.'

मेणकाकांनी दोन्ही तळहात टेबलावर टेकले आणि मान खाली घातली. काही वेळाने ते खुर्चीवर चढले, भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढली आणि साहेबांच्या हाती दिली. साहेबांनी ती घेतली. नको, असू द्या, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी तसे म्हटले नाही म्हणूनच मेणकाका त्यांस पुढे मान देत राहिले.

चौकशी झाली. प्रमुखपद गेले, मेणकाका पुन्हा फिती कापण्याच्या टेबलावर आले. पाय मोडलेल्या तरुणाचा पाय वाचला नाही. डॉक्टरांनी लिहिले की आणखी एक दिवस गेला असता तर तरुणही वाचला नसता. ते पत्र मेणकाकांनी कितीदा वाचले हे मला ठाऊक नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी साहेबांनी त्यांसच बोलावले. मावशीची चिठ्ठी त्यांनी लहान बेटाशेजारी लावली आणि तपासनिसास जवळ उभे करून म्हणाले, "मोजू नका. बघा."

मोठा कडा पुन्हा बिननावाचा झाला. कचेरीतल्या टवाळांनी सुचवले की त्यास 'मेणकाका' म्हणावे, कारण दोघेही नऊ वर्षे तोंड मिटून उभे होते. हे ऐकून मेणकाका प्रथमच मोकळेपणाने हसले.

"जिवंत माणसाचं नाव देता येत नाही," ते म्हणाले. "नियम आहे. जरा थांबा."

मागील वर्षी समितीने ते नाव मंजूर केले. कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते दप्तरखान्यात पाहावयास मिळते, मात्र पत्रिका भरून द्यावी लागते.

येथे ही हकिकत पूर्ण झाली. मी त्याच कचेरीत कागदकापणीस होतो. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे काकांच्या तोंडून ऐकले ते तसेच लिहिले आहे. भाषेत जेथे उणे पडले असेल ते माझ्या अपुऱ्या शिक्षणाचे समजावे. येथवर सोबत आलेल्या प्रत्येक वाचकाचे मी हात जोडून आभार मानतो.

भागोजी नारायण मोकल